भूत कोणाला करायचं

"मेघाताई, तुमचं निम्मं काम वाचलं," असं म्हणत दळवींनी मोबाइल माझ्यासमोर धरला.

फोटोत एक बाई होती. चाळिशीची असेल. उजव्या गालापासून गळ्यापर्यंत भाजल्याच्या जुन्या खुणा, त्यामुळे ओठाचा कोपरा किंचित खाली ओढलेला. पासपोर्टसाठी काढतात तसा सरळ, साधा फोटो.

"कोण आहेत या?"

"आपलं भूत," दळवी म्हणाले. "खरी भाजलेली आहे. पोस्टरवर टाकू, मेकअप नाही, सगळं खरं. पब्लिक वेडं होईल."

त्या क्षणी माझ्या हातात त्याच भुताचा गाल होता. सिलिकॉनचा.

मी प्रोस्थेटिक मेकअप करते. म्हणजे माणसाला नसलेली गोष्ट त्याच्या अंगावर चिकटवायची. म्हातारपण, जखम, मोडकं नाक. आधी नटाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा. दाताचे डॉक्टर कवळीचं माप घेताना जी थंडगार पेस्ट तोंडात घालतात ना, साधारण तसलीच पेस्ट. त्या साच्यावर मातीत हवा तो चेहरा घडवायचा आणि मग त्याचे सिलिकॉनचे पातळ तुकडे करायचे. मातीकाम मी परळला गणपतीच्या कारखान्यात शिकले, काका तिथे मूर्ती करायचे. वर्कशॉप लालबागला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात. मागच्या गल्लीत मसाला कांडतात. उन्हाळ्यात खिडकी उघडली की मिरचीची पूड ओल्या सिलिकॉनवर बसते आणि तुकडा फुकट जातो. हा सगळा उन्हाळा मी खिडकी बंद करून, घामाच्या धारांत दळवींचं भूत करण्यात घालवला होता.

दळवी म्हणजे प्रोड्यूसर. सिनेमाचं नाव सांगत नाही. गोष्ट अशी, की गिरगावातल्या एका चाळीत आई, वडील आणि लहान मुलगी राहायला येतात. त्या खोलीत पूर्वी एक सून जळून मेलेली असते. ती रात्रीची गॅलरीत दिसते. दिग्दर्शक ओंकार, त्याचा हा पहिलाच सिनेमा.

मी सिलिकॉनचा गाल टेबलावर ठेवला आणि नाही म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे जिवंत बाईचा चेहरा दाखवून हे बघा भूत, असं म्हणायचं नाही. माझ्या सिलिकॉनला काय वाटेल ते म्हणा. त्याला संध्याकाळी घरी जाऊन आरशात बघायचं नसतं."

"तिला चालतंय हो. स्वतः ऑडिशनला आली होती."

"भुताच्या?"

दळवींना नेमका तेव्हाच फोन आला. ते बोलत बोलत जिना उतरून गेले. मला इतका राग आला होता की मी तो गाल पुन्हा डब्यातसुद्धा ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. सुती साडी, खांद्याला ऑफिसची बॅग, हातात छत्री.

"मेघाताई तुम्हीच का? माझ्या वतीने नाही म्हणालात त्या?"

मी बसा म्हटलं. ती बसली नाही.

"माझ्या वतीने नाही मीच म्हणते. सवय आहे मला त्याची."

ही सुजाता. फोर्टला एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम्सचं काम बघते. घर नायगावला. कॉलेजात असल्यापासून नाटकात. कामगार नाट्यस्पर्धा, एकांकिका, पथनाट्य, सगळं करून झालेलं. मी चहा मागवला तेव्हा कुठे ती बसली आणि सरळ म्हणाली, "तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. घरात स्टोव्ह भडकला. मी एकोणीस वर्षांची होते. नवरा, सासू, प्रेमप्रकरण, काही नाही. लोकांना यापेक्षा मोठी गोष्ट हवी असते. माझ्याकडे नाहीये."

"मी विचारणार नव्हते."

"बरं आहे मग. माझी ऑडिशन बघितलीत?"

मी बघितली नव्हती. ऑडिशन भुताची नव्हतीच. ती आईच्या भूमिकेसाठी गेली होती. काम उत्तम झालं म्हणून सगळ्यांनी सांगितलं आणि आठवड्याने फोन आला, अभिनंदन, तुम्हाला भुताचा रोल मिळालाय.

मी ओंकारला बोलावून घेतलं. तो दादरहून स्कूटरवर आला. सुजाताला बघून त्याचा चेहरा उतरला.

"ऑडिशन आहे ना मोबाइलवर? लाव," मी म्हटलं.

सीन साधा होता. आई जमिनीवर बसून पानं वाढतेय. समोर मुलगी जेवतेय. सिनेमात तिचं नाव मनू. ऑडिशनला मनूचे संवाद कास्टिंगच्या मुलीने म्हटले होते. आई दाराकडे बघून हाक मारते, "मनू, चल गं, पान वाढलंय." मनू तर समोर बसलेली. आई आमटी वाढते. पुन्हा दाराकडे बघते, "मनू, किती वेळ? भात गार होतोय." रोजची आई जशी वैतागते तशीच. मुलगी म्हणते, "आई, मी इथेच आहे."

सुजाता त्या मुलीकडे बघते. चेहऱ्यावर राग नाही, डोळे फिरवणं नाही. शेजारच्या कोणाची तरी पोर घरात येऊन जेवायला बसली की आपण बघतो तसं. आणि हळू आवाजात म्हणते, "तू जेव बाळा. मग घरी जा हां. आई वाट बघत असेल तुझी."

कडक उन्हाळ्यात, बंद खिडकीच्या गाळ्यात माझ्या अंगावर काटा आला.

"ओंकार, हे तू बघितलंस?"

"बघितलं, ताई."

"आणि तरी हिला भूत केलंस?"

"दळवी सरांचं म्हणणं पडलं की हा चेहरा आईला चालणार नाही. लोक गोष्ट सोडून चेहराच बघत बसतील."

"पहिली पाच मिनिटं बघतील," सुजाता म्हणाली. "माझ्या ऑफिसात नवीन माणूस येतो, तोही बघतो. मग त्याला क्लेम पास करून हवा असतो."

इतकी वर्षं भुतं करून मला एक गोष्ट कळलीये, ती मी त्या दिवशी ओंकारला जरा चढ्या आवाजात सांगितली. कुकरच्या शिट्टीनेही माणूस दचकतो. थिएटरात अचानक मोठा आवाज करून, दारामागून तोंड बाहेर काढून तुम्ही त्याला दचकवू शकता, पण पुढच्या क्षणाला तो हसतो आणि पॉपकॉर्न खातो. वेडावाकडा चेहरा दाखवलात तर त्याला किळस येते. किळस आली की माणूस मान फिरवतो. भीती वाटली की मान फिरवता येत नाही. आणि ती कधी वाटते, तर जे आपलं आहे, रोजचं आहे, ते आपल्याला ओळखेनासं होतं तेव्हा. माझ्या सिलिकॉनमध्ये ते नव्हतं. या बाईच्या "तू जेव बाळा"मध्ये होतं.

ओंकारला पटलं. दळवींना पटलं नाही. "भाजलेली आई कशी दाखवायची? कारण सांगावं लागेल ना स्क्रिप्टमध्ये," हे त्यांनी दहा वेळा म्हटलं. सुजाता त्यांच्या तोंडावर म्हणाली, "चष्मा असलेली आई दाखवताना कारण सांगता का?"

शेवटी काम झालं ते वेगळ्याच कारणाने. सुजाताऐवजी आईसाठी घेतलेली नटी एका मालिकेत अडकली, तिने तारखा परत घेतल्या आणि शूटिंग तोंडावर आलं. दळवी मुकाट्याने तयार झाले. ओंकारने भुताला चेहराच ठेवला नाही. गॅलरीत कोणीतरी उभं आहे एवढंच. माझे सगळे तुकडे कपाटात गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

सिनेमात माझं काम उरलं ते सुजाताचा साधा मेकअप बघण्याचं. तिच्या खुणांना मी हात लावला नाही, दिव्याखाली चकाकी येऊ नये एवढीच पावडर. रोज सकाळी तिचे फोटो काढायचे, समोरून, डावीकडून, उजवीकडून, पांढऱ्या झगझगीत उजेडात. याला कंटिन्युइटी फोटो म्हणतात. आज टिकली जिथे होती तिथेच ती उद्याही असावी, यासाठी. हे फोटो बाहेर कोणाला दाखवायचे नसतात. ते युनिटच्या फोल्डरमध्ये असतात.

मनूचं काम करणारी ओवी नऊ वर्षांची होती. पहिल्याच दिवशी तिने सुजाताच्या गालाला बोट लावून विचारलं, "दुखतं?"

"नाही. उन्हात खाजतं."

झालं. मग दोघी पत्ते खेळत बसायच्या. ओवी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचीसुद्धा.

जेवणाचा सीन दुपारी घेतला. गिरगावातली खरी खोली, बाहेर गॅलरीत शेजारी गोळा झालेले, खाली नारळवाला ओरडतोय. आवाजाचं नंतर डबिंगमध्ये बघू, असं ठरलेलं. सुजाता म्हणाली, "तू जेव बाळा. मग घरी जा हां." ओवीचा घास हातातच राहिला. स्क्रिप्टमध्ये तसं नव्हतं. ओंकारने कट म्हटलं आणि ओवी उठून माझ्याकडे पळत आली. सुजाताने हाक मारली तरी जाईना. डोळे भरलेले.

"काय झालं गं?"

"तिने मला ओळखलं नाही," ओवी म्हणाली.

सुजाताने तिला जवळ घेऊन तिच्या आईचं नाव, शाळेचं नाव, हरलेले पत्त्यांचे डाव, सगळं सांगितलं, तेव्हा पोरगी हसली. या चेहऱ्याला जी पहिल्या दिवशी घाबरली नाही, ती एका वाक्याला घाबरली. दळवी तिथेच मॉनिटरसमोर बसले होते. त्यांनी हे सगळं बघितलं. म्हणून पुढे जे झालं, त्याचा मला जास्त राग येतो.

शूटिंग संपून महिनाभराने सुजाताचा फोन आला. "मी दादरला आहे, फुलबाजाराच्या समोर. इथे माझा फोटो लावलाय."

मी गेले. टीझर पोस्टर होतं. सुजाताचा चेहरा, पुरुषभर उंच. हिरवट रंग मारलेला, डोळे काळे केलेले. खाली लिहिलेलं, 'मेकअप नाही. सगळं खरं.' शेजारी दोन कॉलेजची मुलं त्या पोस्टरसमोर तोंड वाकडं करून सेल्फी काढत होती. सुजाता त्यांच्यापासून चार हातांवर उभी होती. त्यांनी तिला ओळखलं नाही.

फोटो माझा होता. कंटिन्युइटीचा. टिकलीची जागा लक्षात राहावी म्हणून काढलेला.

आम्ही तिथून चालत दळवींच्या ऑफिसात गेलो. ओंकार तिथेच होता.

"पोस्टर उतरवा," सुजाता म्हणाली.

"अहो, किती चर्चा चाललीये बघा. पब्लिसिटीला सही आहे तुमची."

"सिनेमातल्या फोटोंना सही आहे. हा सिनेमातला नाही. मी वाचून सही करते, माझा धंदाच तो आहे."

"आमच्या खात्याचा फोटो तुम्ही न विचारता उचललात," मी म्हटलं. माझा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला असणार, कारण तिथलं बोलणं थांबलं.

दळवी खुर्चीत मागे टेकले. "मेघाताई, तुम्ही शांत व्हा. सिनेमा भीतीचा आहे. बघून भीती वाटली पाहिजे ना?"

"मला बघून?" सुजाताने विचारलं.

ते टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"माझं डबिंग बाकी आहे," ती म्हणाली. "ज्या दिवशी पोस्टर उतरेल त्याच्या दुसऱ्या दिवशी येते."

"आवाज काय, दुसरी कोणीही देईल."

तेव्हा ओंकार बोलला. सबंध सिनेमात पहिल्यांदा तो दळवींच्या विरुद्ध बोलला. "नाही सर. हिच्या आवाजाशिवाय तो सीन नाही. आणि तो सीन नसेल तर आपल्याकडे गॅलरीत उभा असलेला एक माणूस आहे, बस्स."

पोस्टर त्या आठवड्यात उतरलं. मोबाइलवरचं उतरलं नाही, ते कसं उतरणार? सुजाताच्या ऑफिसच्या ग्रुपवर ते कोणीतरी टाकलं, खाली हसण्याच्या खुणा. तिने तो ग्रुप सोडला. सांगितल्याप्रमाणे ती डबिंगला आली, एका दिवसात काम पुरं केलं आणि कोणाशी न बोलता गेली.

सिनेमा लागला. बरा चालला. मी परळला दुपारच्या खेळाला गेले होते. जेवणाच्या सीनला थिएटरात कोणी पाकीट फाडत नव्हतं, कोणी खोकत नव्हतं. बाहेर पडताना एक बाई आपल्या मुलीचा हात घट्ट धरून चालत होती. तेवढं बघून मी घरी आले.

पुढच्या रविवारी एका पेपरात परीक्षण आलं. जेवणाच्या प्रसंगाचं कौतुक होतं. त्याखाली एक वाक्य, 'आईच्या चेहऱ्यावरील भाजल्याच्या खुणांचा मेकअप इतका अस्सल आहे की खरा थरार तिथेच निर्माण होतो.' पुढे माझं नाव.

सकाळीच सुजाताचा फोन. "अभिनंदन, मेघाताई."

ती हसत होती, पण ते हसणं मला ऐकवत नव्हतं. मी त्याच दिवशी पेपरला ईमेल केली, की त्या चेहऱ्यावर माझं काहीही नव्हतं, तुम्हाला जी भीती वाटली तो अभिनय होता. ती छापली नाही. उत्तरही नाही. सुजाताला त्यानंतर तीन सिनेमांसाठी विचारलं, तिन्ही वेळा भुतासाठी. तिने तिन्ही नाकारले. ती सध्या एक एकांकिका बसवतेय. दळवींनी मला पुन्हा बोलावलेलं नाही, मीही वाट बघत नाही.

आता कंटिन्युइटीचे फोटो मी माझ्याच मोबाइलमध्ये ठेवते, युनिटच्या फोल्डरमध्ये टाकत नाही. आणि नवा दिग्दर्शक येऊन भयंकर चेहरा करून द्या म्हणाला, की विचारते, हा चेहरा दिसण्याआधी घरातली माणसं काय करतायत? बहुतेक जण पुन्हा चेहऱ्याचं चित्रच पुढे करतात. चेहरा मी करून देते, तो माझा धंदा आहे. घाबरवण्याचं काम त्याच्या आधी झालेलं असावं लागतं, आणि ते माझ्या दुकानात मिळत नाही.