शेवयांवर तुळशीचं पान

गेल्या साली मारुंजीत हैबतराव दुपारचे कुणाच्या हाती लागेनासे झाले. भाडेकरूचा नळ गळो, नाहीतर पाण्याचा टँकर दारात येऊन हॉर्न वाजवत बसो, जेवणं उरकली की त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि आतून बारीक आवाजात परदेशी वाजंत्री ऐकू यायची. साठी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, एके काळी तालीम गाजवलेला हा गडी आत पलंगावर मांडी घालून प्रेमाचे सिनेमे बघत असे. बघता बघता पार विरघळून जाई.

हे खूळ लावलं दिशानं. दिशा म्हणजे वरच्या खोलीतली भाडेकरू पोरगी. नोकरी बदलून बंगळूरला गेली आणि जाताना टीव्ही इथंच ठेवून गेली. "काका, सिनेमांची वर्षाची वर्गणी भरलेली आहे, वाया जाईल," म्हणाली. वाया जाईल म्हटल्यावर हैबतरावांचा जीव राहतो होय! ते कुस्त्या शोधायला बसले, अंगठा भलत्याच बटणावर पडला आणि पडद्यावर एक पोरगी हातात लांबलचक पाव घेऊन सायकलवाल्याच्या मागं धावताना दिसली. त्या पावाचं पुढं काय होतंय एवढं बघू, म्हणून ते टेकले. मान वर केली तेव्हा बाहेर दिवेलागण झाली होती.

त्या सिनेमांतली माणसं हिंदीत बोलत आणि त्यांचे ओठ भलतंच काही बोलत, पण हैबतरावांचं काही अडलं नाही. त्या गावांत बांधावरून भांडणं नव्हती. सकाळी एकमेकांवर खेकसलेली दोन माणसं संध्याकाळी एकाच स्वयंपाकघरात ताटं विसळत उभी असत. सिनेमा संपला की हैबतराव गॅलरीत येत. पलीकडं हिंजवडीच्या इमारतींत मजल्यामजल्यांवर दिवे लागलेले असत. त्यांना वाटे, तिथंच कुठंतरी तो समुद्र आहे, ते छोटं हॉटेल आहे आणि दोघांसाठी मांडलेलं टेबल आहे. मग ते आत येत, आणि घरात कुणी नसे.

हैबतरावांच्या पत्नी गोजराबाई सूसला होत्या. लेकीच्या, सायलीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या, आता तर मूल रांगायला लागलं होतं. त्याला सांभाळायला बाईही ठेवली होती. सूस काही साता समुद्रापलीकडं नाही, स्कूटरला किक मारली की आलंच. पण गोजराबाई आल्या नव्हत्या. सायली फोनवर म्हणाली, "बाबा, आईला इथं बरं वाटतंय. कायमची इथंच राहू दे का तिला?" हैबतराव म्हणाले, "तिचं ती बघंल." आणि फोन ठेवून दिला. जन्मभर त्यांनी बायकोला असंच उत्तर दिलं होतं. तिनं विचारावं आणि ह्यांनी तुझं तू बघ म्हणावं. तिला जवळ बोलवायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि आता ती येणारच नाही असं त्यांना वाटू लागलं होतं.

खानावळीचा डबा बंद करून त्यांनी गॅस पेटवला तो याच दिवसांत. सिनेमातले पुरुष रांधत होते, तेही गाणी गुणगुणत. हैबतरावांनी आधी घावन हवेत उडवून पाहिलं. ते मिक्सरवर जाऊन बसलं. मग एका सिनेमातल्या नायकानं रुसलेल्या नायिकेपुढं एक बशी ठेवली. लांब लांब शेवया, त्यावर लालभडक रस्सा, वर किसलेलं पांढरं काहीतरी आणि एक हिरवं पान. नायिकेनं घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. हैबतरावांनी ते चित्र थांबवलं, चष्मा लावला आणि टीव्हीला नाक लावून नीट पाहिलं. शेवया तर घरात होत्याच, गोजराबाईंनी स्वतःच्या हातानं वळून वाळवलेल्या. लाल म्हणजे टोमॅटो. पांढरं म्हणजे ओलं खोबरं, दुसरं काय असणार? आणि पान सरळसरळ तुळशीचं.

पण तुळस पारोशानं तोडायची नाही, अशी गोजराबाईंची शिस्त. तेव्हा हैबतरावांनी भरदुपारी पुन्हा आंघोळ केली, तुळशीला हात जोडले, "जेवणात घालतुया, राग मानू नको" असं सांगून एक पान खुडलं आणि इटलीचा तो पदार्थ अगदी सोवळ्यात शिजवला. पहिल्या खेपेला त्याची लापशी झाली. दुसऱ्या खेपेला लसूण करपली. तिसऱ्या खेपेला मात्र असं काही जमलं, की हैबतरावांनी बशी पुसून खाल्ली. समोरची खुर्ची मात्र रिकामीच होती.

आणि मग ती दुपार आली. नवा सिनेमा होता. त्यातला नायक भला माणूस, पण बोलेल तर शपथ. पोरगी बॅग भरून दारात उभी, वळून वळून बघतेय, आणि हा खिशात हात घालून गप्प. हैबतरावांना राहवेना. ते पलंगावरून ताडकन उठले आणि टीव्हीवर ओरडले, "आरं बोल की येड्या! ती तुझ्या त्वांडाकडं बघत ऱ्हायलीय न्हवं का!"

आपलाच आवाज खोलीभर घुमलेला त्यांना ऐकू आला. त्यांनी टीव्ही बंद केला. नायक पुढं बोलला की नाही, हे त्यांना आजही ठाऊक नाही.

तासाभरात शेवयांचा डबा स्कूटरच्या हुकाला होता आणि हैबतराव सूसच्या वाटेवर. डोक्यात सिनेमातली वाजंत्री, समोर डंपर. सायलीच्या सोसायटीच्या फाटकाशी वॉचमननं अडवलं. "डिलिव्हरी?"

"व्हय, डिलिव्हरीच समज."

"किससे मिलना है?"

एरवी ते लेकीचं नाव सांगत. आज तोंडातून आलं, "गोजराबाई." लग्न झाल्यापासून चारचौघांत त्यांनी हे नाव कधी घेतलं नव्हतं. कान तापले. वॉचमनला त्याचं काहीच नव्हतं, त्यानं फ्लॅटचा नंबर विचारून फोन लावला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"कोण?" पलीकडून गोजराबाईच बोलल्या.

हैबतराव एका दमात बोलले, "गोजरा, मी हाय. तुझ्याबिगर घरात करमत न्हाई. घरला चल."

मग त्या म्हणाल्या, "वॉचमनला द्या." वॉचमननं ऐकून घेतलं, मान हलवली, फोन ठेवला. "अंकल, ऊपर भेजने को मना किया है."

सिनेमात हे कधी झालं नव्हतं. उशीर झाला आपल्याला, फार उशीर झाला, असं म्हणत ते स्कूटरपाशी गेले. किल्ली लावली, पण फिरवली नाही. येणारेजाणारे बघत होते. हैबतराव तसेच उभे राहिले.

"आवं, थांबा की!"

गोजराबाई येत होत्या, कापडी पिशवीत कोंबलेली लुगडी काखेला मारून, अर्धवट बांधलेला अंबाडा सावरत.

"तू तर वर सोडू नगं म्हणालीस," हैबतराव कसेबसे बोलले.

"मंग काय करू? वर आला असता तर पोरीनं च्या केला असता, जावई टीव्ही लावून बसला असता, आन तुमचं बोलणं ऱ्हायलं असतं बाजूला. तुमी तुझं तू बघ म्हणून आल्या वाटंनं माघारी गेला असता." त्यांनी डबा हुकावरून काढला, मागं बसून मांडीवर घेतला आणि झाकण उचकटून आत पाहिलं. "शेवयात टोमॅटो? ह्ये कुणी शिकवलं?"

"सांगतो. लई मोठी गोष्ट हाय." हैबतरावांनी पुढं बसून किल्ली फिरवली आणि किक मारली.

"थांबा. आधी मगाशी फोनात काय म्हणलात, ते म्हणा."

"ऐकलंस की तू."

"ऐकलं," गोजराबाई म्हणाल्या. "आता माझ्याकडं बघून म्हणा."

स्कूटर बंद झाली. हैबतराव वळले.