एकच टोचलेला कान

ती घटना आठवली की माझा हात आजही आपोआप कानाकडे जातो. पनवेलच्या ठाण्यात मी तेव्हा सहायक फौजदार होतो. शिक्षण सातवी, शिपायापासून वर चढलेलो. कलमं ऐकून ऐकून पाठ केली. माणूस ओळखायला मात्र मला कोणी शिकवावं लागलं नाही.

करंजाड्याहून एका बाईचा फोन आला. बांधकामावरच्या झोपडीत सावत्र बाप पोराला मारतो, म्हणे. जाऊन पाहिलं. लहानगं पोर, एक ढोपर टम्म सुजलेलं, मांडीवर, पाठीवर काळेनिळे डाग. बाप नेऱ्याकडचा आदिवासी मजूर. पोराची आई विधवा, तिच्याशी त्यानं लग्न केलेलं. तिघांना ठाण्यात आणलं, डायरीला नोंद घेतली.

"कशानं मारतोस? पट्ट्यानं?"

"हात लावला नाय सायेब. जरा आपटला का काळा पडतो त्यो."

"सगळे असंच सांगतात."

"मंग मला मारा. पन पोराला नेऊ नका. माज्याबिगर जेवत नाय त्यो."

मी आवाज चढवला, तसं पोर लंगडत जाऊन त्याच बापाच्या पायांआड लपलं. मारणाऱ्याच्या आड लपणारं पोर मी नोकरीत पाहिलं नव्हतं.

मोठे साहेब म्हणाले, "डाग दिसतायत ना? बापाला अटक करा, पोराला बालगृहात पाठवा."

मी अडून बसलो. पोराला पुन्हा नीट न्याहाळलं. कानात काळा दोरा होता, पण एकाच कानात. आपल्याकडे कान टोचले तर दोन्ही टोचतात. आईला विचारलं, "दुसरा का राहिला?"

"पयला टोचला तवा रगात दुसऱ्या दिशीपरत थांबला नाय. सोनारच घाबारला. बोलला, दुसरा मी टोचनार नाय, बाय."

"तुझ्या माहेरी असं कोणाला होतं?"

तिनं पदर तोंडाला लावला. "माज्या भावाला. दात पडला, त्यातच गेला. लोक बोलले, बाधा हाय."

मी साहेबांना म्हटलं, "आधी रक्त तपासू."

"फौजदार, सातवीत डॉक्टरकी शिकवत होते का?"

"नाही साहेब. पण कान दोन आणि भोक एक, एवढं मोजता येतं."

साहेब हसले आणि गाडी दिली.

इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या. रिपोर्ट आल्यावर मला बसवून समजावलं. रक्तातलं पिवळसर पाणी म्हणजे प्लाझ्मा. त्यातून लाल पेशी प्राणवायू पोचवतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात आणि कुठं फुटलं की प्लेटलेट धावत जाऊन भोक बुजवतात. पण ते बूच पक्कं व्हायला प्लाझ्मातला गोठवणारा घटक लागतो. पोराच्या रक्तात तोच कमी होता.

मला लगेच उमगलं. नाकाबंदीला शिपाई उभे आहेत, पण बॅरिकेडच नाहीत. गर्दी थोपवणार कशी?

"म्हणजे ढोपर माराचं नाही?"

"नाही. सांध्यात आतल्या आत रक्त साचलंय. दात पडायच्या वयाआधी आणलंत, बरं झालं."

लोकांनी दिलेल्या रक्तातून काढलेला तो घटक पोराला चढवला. "बदली कोणी रक्त देईल का?" असं बाईंनी विचारलं, तर त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बापानं बाही वर केली. त्याच मनगटासाठी आणलेली बेडी बाहेर आमच्या गाडीत पडली होती. त्याच्या शेजारच्या खाटेवर मी आडवा झालो.

मग बाजारात त्या सोनाराला शोधून काढलं, हात जोडले. म्हातारा चक्रावला. "मी काय केलं? घाबरलो फक्त."

"तेच बरं केलंत, बाबा."

फोन करणाऱ्या बाईलाही भेटलो. ती शरमली होती. मी तिला सांगितलं, बाई, खबर चुकीची निघाली, पण तुम्ही दिलीत म्हणून पोर वाचलं. नोकरीभर मी खबर खरी की खोटी एवढंच बघत आलो होतो. ती देणाऱ्याचा जीव दुसऱ्याच्या पोरासाठी तुटतोय का, हे तेव्हापासून बघायला लागलो.

पोरगा आता मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, नेमानं इंजेक्शन घेतो. दिवाळीला बापाला घेऊन फराळाला येतो. तो वाकून पाया पडतो, तेव्हा त्याचा न टोचलेला कान माझ्यासमोर येतो. मी आशीर्वादाचा हात आधी त्या कानावरून फिरवतो.