रेझला कर्म लागतं

आमची धाकटी जाऊ इंग्रजी शिकवते. मीही शिकवते, गेली अठरा वर्षं, पुढच्या खोलीत. ती तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली आणि मागच्या खोलीत फळा टांगून मोकळी झाली. आता तिच्या दारात चपलांचा ढीग आणि माझ्या दारात एकच जोड, शिंपिणीच्या मुलीचा. लोक म्हणतात, मी तिच्यावर जळते. जळतेच. उगाच खोटं कशाला बोलू?

तिचं शिकवणं म्हणजे नुसता धांगडधिंगा. राइझ आणि रेझ मी कसं शिकवते? राइझ म्हणजे आपण होऊन वर जाणं, त्याला कर्म लागत नाही. सूर्य उगवतो, भाव चढतात. रेझ म्हणजे दुसरं काहीतरी वर करणं. हात वर करा, आवाज चढवा. कर्माशिवाय रेझ नाही. राइझ, रोझ, रिझन. रेझ, रेझ्ड, रेझ्ड. दहा वेळा लिहा, संपलं. आणि ही बया त्यासाठी पोरांना खुर्च्या उचलायला लावते.

परवा शिंपिणीच्या मुलीने ताप आल्याचा निरोप पाठवला. मी रिकामीच, म्हणून पाण्याचं निमित्त काढून मागे गेले. फळ्यावर धाकटीच्या अक्षरात होतं, 'द प्राइसेस रेझ्ड.' चूक! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तशीच आत शिरले आणि पोरांसमोर सांगितलं, की हे वाक्य चुकलंय.

"हो ताई," ती म्हणाली, "मुद्दाम चुकवलंय. का चुकलं, कोण सांगतंय?"

तिसऱ्या रांगेत हात वर झाला. शिंपिणीची मुलगी. ताप वगैरे काही नव्हता. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "रेझला कर्म लागतं. भाव आपण होऊन चढतात, म्हणून रोझ." शब्द न् शब्द माझा.

धाकटी माझ्याकडे वळली. "हे मी नाही शिकवलं, ताई. ती येतानाच शिकून आली."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मी मुलीला म्हटलं, "उद्यापासून इथेच बस. खोटा ताप आणू नकोस."

त्या दिवशी घरात माझ्या मोठ्या मनाचं कौतुक झालं. कसलं मोठं मन? पोटात नुसता जाळ होता. बोलताना आवाज चढला नाही, एवढंच.