मावशीच्या दारातला बल्ब

बोरी बुद्रुकच्या इंदूमावशीनं मला आसरा दिला, हे आधी सांगतो. पुढचं वाचून माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या, पण तिचं नाव अगोदर आलं पाहिजे.

ती माझी सख्खी मावशी नाही, लांबचीही नाही. मी हिंगोलीकडचा, आठवीतून शाळा सुटलेला. तिच्या भाच्याच्या, दत्ताभाऊच्या रोपवाटिकेत ट्रे भरायच्या कामाला आलो तेव्हा या भागात ओळखीचं कोणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तापानं पडलो. मावशीनं मला दत्ताभाऊच्या मोटरसायकलवर मधे बसवलं, मागून स्वतः धरून बसली आणि दवाखान्यात नेलं. नंतर घरामागची खोली दिली. भाडं नावापुरतं. लाईटचे पैसे वेगळे नकोत म्हणाली — एक बल्ब आणि एक फोन, खाऊन खाऊन किती खाणार?

एवढंच बजावलं होतं, "मीटर एकच हाय, बाबा. शेगडी न् रॉड तेवढा लावू नको. गरम पाणी माझ्या चुलीवरनं नेत जा."

यापुढचं मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. दोनदा फोनवर सुरुवात केली, दोन्ही वेळा पावसापाण्याचं विचारून ठेवून दिला.

बोरीची थंडी तुम्हाला माहीत आहे का? आमच्याकडेही गारठा पडतो, पण इथं कालव्याच्या कडेला, उसाच्या मधोमध, पहाटे बोटं लाकडासारखी होतात. सहाला ओल्या ट्रेमध्ये हात घालायचे. आणि रोज बादली घेऊन परक्या बाईच्या चुलीपुढं उभं राहायचं — मला नाही जमलं. आधीच तिचं इतकं खाल्लेलं. लाज म्हणा. मी तिला सांगितलं, मला गार पाण्याचीच सवय आहे.

आणि जुन्नरला जाऊन रॉड आणला.

दुकानातले शेठ भला माणूस. पिशवीत घालताना म्हणाले, "जपून लाव हां, पावणं. एक तास रॉड म्हणजे शंभरचा पिवळा बल्ब पंधरा तास जळला असं समज." बघा — म्हणजे मला माहीत होतं. कळत नव्हतं, असं मला म्हणताच येत नाही.

रॉड मी गादीखाली पोत्यात गुंडाळून ठेवायचो. आंघोळीपुरता लावला असता तर एक वेळ... पण नाही. संध्याकाळी कामावरून आलो की दार लावून पुन्हा लावायचो. बादलीला वाफ आली की तिच्यावर हात धरून बसायचो. घराची आठवण आली की जास्त वेळ बसायचो. दीड तास, दोन तास.

दोन महिन्यांनी मावशी बिल घेऊन माझ्या दारात आली. चष्मा लावूनही तिला ती बारीक अक्षरं दिसत नव्हती. "तू शिकल्याला हाईस, बघ जरा. काय खातंय रं एवढी लाईट?"

शिकलेला! आठवीतला मी. ओट्यावर बसून तिला बिल समजावलं — ही मागची रीडिंग, ही चालू, वजा केलं की युनिट. शंभर युनिटांपर्यंत दर कमी, त्यावर गेलं की पुढच्या युनिटांचा दर चढतो. मावशी पहिल्यांदाच शंभरावर गेली होती. कागदाच्या कडेला मागच्या महिन्यांचे आकडे ओळीनं होते. मी रॉड आणला त्या महिन्यापासून उडी होती. माझं बोट त्या आकड्यावर होतं आणि तिचं बोट माझ्या बोटाशेजारी.

तेव्हाच बोललो असतो तर? रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, संपलं असतं. पण खोली गेली तर? काम गेलं तर? हिंगोलीला कोणत्या तोंडानं जायचं? — हे सगळं डोक्यात फिरत असताना तोंडातून निघालं ते असं: "मावशी, बाहेरचा बल्ब रातभर जळतोय ना."

तो बल्ब तिच्या गोठ्याच्या तोंडाशी होता. शंभरचा, पिवळा. या भागात असा बल्ब कोणी हौसेनं लावत नाही. ऊस दारापर्यंत आलेला असतो आणि उसात बिबट्या असतो. त्या उजेडात मावशीची चांदी बांधलेली असायची — कपाळावर पांढरा ठिपका असलेली, गाभण शेळी. मावशीचा मुलगा चाकणला, सून तिकडेच. दिवसभर बोलायला चांदीच. "अगं सटवे, पाला सांडू नको," असं सुनेला बोलावं तसं तिला बोलायची.

मावशी बल्बाकडं बघत राहिली. "त्यो तर कवापासनं हाय," म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "म्हातारा झाला आसंल. जास्त खात आसंल."

मी मान डोलावली.

शेठच्या दुकानात नऊ वॅटचे एलईडी बल्ब टांगलेले मी बघितले होते. एक आणून लावला असता तर दिवाही राहिला असता आणि बिलही उतरलं असतं. सुचलं नाही असं नाही. पण बल्ब घ्यायला मावशीही बरोबर आली आणि शेठनं बोलता बोलता रॉडचं सांगितलं तर, ही भीती. दुसऱ्या दिवशी तिनं स्टुलावर चढून बल्ब काढला. स्टूल मी धरलं होतं.

पाच-सहा दिवसांनी पहाटे तिच्या हाकेनं जागा झालो. गोठ्याची जाळी एका बाजूनं वाकलेली होती, दावं तुटलेलं. चांदी उसाच्या कडेला सापडली. पोटातली दोन्ही... ते मी लिहीत नाही.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, भरपाईही पुढं मिळाली. मावशी ज्याला त्याला एकच सांगत होती, "माजंच चुकलं. मीच दिवा काढला." माझं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. दत्ताभाऊ सगळ्यांपुढं बोलला, "आत्ये, बल्ब वाचिवला आन् शेळी घालवली व्हय? लई हुशार!" ती खाली बघत राहिली. मी तिच्या शेजारी उभा होतो. दोन हातांवर.

गावात काही जण म्हणतात, बिबट्या उजेडाला कुठं भितोय. खरं असेलही. मला त्याचा काही उपयोग नाही.

माणसं गेल्यावर ती माझ्या खोलीशी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "आज गार पाण्यानं आंगोळ करू नको, पोरा. दमला आसशील खड्डा खणून. पाणी तापवलंय." शेळी गेलेल्या दिवशी तिनं माझ्यासाठी चूल पेटवली होती — कारण एवढे दिवस मी गार पाण्यानं अंघोळ करतो, असं ती धरून चालली होती. ते पाणी मी घेतलं. अंगावर ओतलं. रॉड गादीखालीच होता.

त्याच संध्याकाळी तो कालव्यात टाकून आलो. वाटलं, निदान हे तरी केलं. पण पुढचं बिल आलं आणि ते उतरलेलं होतं, पुन्हा शंभराच्या आत. मावशीनं माझ्याकडूनच वाचून घेतलं. "बगितलंस?" म्हणाली, "दिव्याचंच व्हतं ते."

माझं खोटं त्या कागदावर खरं ठरलं. मग तिनं बल्ब परत लावलाच नाही. गोठा रिकामा, उजेड कशाला?

चार महिन्यांनी मला निरगुडसरला जास्त पगाराचं काम मिळालं. निघताना मावशीनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, वर म्हणाली, "तुज्यामुळं बिल तरी कळाय लागलं मला." एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो. चटणी आठ दिवस खाल्ली. खाल्लीच.

आता दोन वर्षं होत आली. दत्ताभाऊ फोनवर सांगतो, आत्या दिवस मावळला की दार लावून घेते, अंगणात पाऊल टाकत नाही. दिवा लाव म्हटलं तर म्हणते, नको, बिल चढतं.

एलईडी बल्ब मी घेऊन ठेवलाय, फळीवर आहे. एकदा तो घेऊन नारायणगावपर्यंत गेलोही होतो. तिथून परत फिरलो. दुसरी शेळी घेऊन दिली, बल्ब लावून दिला, म्हणजे फिटलं असं होत नाही, हे मला कळतं. ती वर माझंच कौतुक करेल, मी ते ऐकून घेईन, आणि परत तेच.

म्हणून मावशी, एक दिवस मी येणार. बल्ब पिशवीतच ठेवून आधी ओट्यावर बसेन आणि रॉडचं सांगेन, सगळं, पहिल्या दिवसापासून. तू अंगणात उभं राहू दिलंस तर स्टूल तू धरू नकोस, मी चढेन. नाही राहू दिलंस, तर बल्ब उंबऱ्यावर ठेवून जाईन.

पण सांगेन आधी.