माझा नंबर मुरुडला राहतो

चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि तो माझ्यावरच हसत होता!

तर मंडळी, मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस. घर मुखेडला. अख्ख्या नोकरीत माझा मोबाईल नंबर एकच. कालव्यावरच्या मुकादमापासून टेलच्या, म्हणजे पार टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना तो तोंडपाठ. रिटायर झालो तसं आमच्या प्रज्ञानं, म्हणजे माझ्या मुलीनं, मला टचस्क्रीनचा फोन आणि त्यात नवं सिम घेऊन दिलं. जुना बटनाचा फोन मी शोकेसात ठेवला. बुद्धमूर्तीच्या शेजारी, मानानं!

नवा नंबर मी कुणाला दिला? कुणालाच नाही. तो घरापुरता. साहेबाचा नंबर म्हणजे जुनाच, असा माझा थाट.

एक दिवस प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, जुन्या नंबरचा प्लॅन संपला. रिचार्ज मारा, न्हाईतर नंबर जाईल."

"जाईल कुठं? त्याला काय पाय आहेत? आणि इनकमिंगला कशाचा आलाय रिचार्ज? लोक करतील, मी उचलीन!"

कंपनीचे मेसेज येत होते. आज शेवटची संधी, उद्या सेवा बंद. मी वाचायचो आणि पुसायचो. अहो, आयुष्यभर मी स्वतः लोकांना नोटिसा पाठवल्या. नोटिशीला कोण किती भितं, हे मला नका सांगू!

मग तो फोन वाजायचा थांबला.

खरं सांगू? मला फार बरं वाटलं. रिटायर माणसाला त्रास देऊ नये एवढं लोकांना कळायला लागलं, असं मी चारचौघांत सांगत सुटलो. आमच्या सौ., सुनंदाबाई, एकदा शोकेस पुसताना म्हणाल्या, "अहो, या फोनात टावरच्या दांड्या दिसून न्हाई राहिल्या."

"मुखेडात कुणाच्या फोनात दिसतात?" मी म्हणालो. विषय संपला.

एकदा बसस्टँडवर आमचा जुना मुकादम भेटला. मला बघून आधी जयभीम घातला आणि मग दबकत म्हणाला, "साहेब, तुमाला फोन लावला की एक बाई उचलून राहिल्या. त्या म्हणल्या, साहेबांना सांगा, तुमचा नंबर आता माझ्याकडं हाय."

आता शहाणा माणूस इथं काय करेल? चौकशी करेल. मी काय केलं? मी त्याला झापला! "इतकी वर्षं झाली, तुला अजून नंबर नीट दाबता येत नाही? डोळे तपासून घे आधी." बिचारा मान खाली घालून कंधारच्या गाडीत बसला.

इथवर ठीक होतं. माझ्या मूर्खपणाची झळ मलाच होती. पण पुढं प्रज्ञाच्या लग्नाची वेळ आली.

प्रज्ञा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. स्थळं बघून बघून आम्ही थकलो होतो. एकाचं बोलणं आवडेना, एकाची आई, एकाला हिची नोकरीच नको. नांदेडला आपल्या समाजाचा वधू-वर मेळावा होता, तिथं गेलो. कंधारचे वाघमारे म्हणून पाहुणे भेटले. मुलगा ग्रामसेवक. तो आणि प्रज्ञा चहाच्या टेबलापाशी बोलत उभे राहिले आणि चक्क हसायला लागले! मी सुनंदाकडं पाहिलं, सुनंदानं माझ्याकडं.

निघताना वाघमारे म्हणाले, "घरी विचार करून कळवतो. तुमचा नंबर द्या."

मी छाती काढून धडाधड नंबर सांगितला. कोणता, ते तुम्ही ओळखलंच.

प्रज्ञा मागून म्हणाली, "पप्पा, तो नंबर..."

"मोठी माणसं बोलून राहिलीत ना, बेटा?"

वाघमारे म्हणाले, "मिस कॉल देऊन बघतो एकदा."

"गरज नाही पाहुणे! काळ्या दगडावरची रेघ आहे ती!"

त्यांचा नंबर? मी घेतला नाही. आपण मुलीकडचे म्हणून काय मागं लागायचं? होकार त्यांनी कळवायचा. मुलाचा नंबर मी प्रज्ञालाही घेऊ दिला नाही. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "पप्पा, हा मला चालेल." आमच्या प्रज्ञाच्या तोंडून "चालेल" म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. माझे डोळे भरून आले.

मग आम्ही वाट बघायला बसलो. बटनाचा फोन शोकेसातून काढून टेबलावर आणला. तो चोवीस तास चार्जिंगला. प्रज्ञा शाळेतून आली की आधी त्याच्याकडं बघायची, मग चप्पल काढायची. फोन ढिम्म. दिवस जात राहिले, आणि एका संध्याकाळी ती म्हणाली, "राहू द्या पप्पा. त्यांना पसंत नसंल." तिचा तो आवाज ऐकून माझं काळीज तुटलं. आणि तुटलेल्या काळजाचा सगळा राग मी काढला वाघमाऱ्यांवर! माणुसकी नाही, रीत नाही, नाही म्हणायला तरी एक फोन करावा की नाही माणसानं?

शेवटी एका सकाळी सुनंदा म्हणाली, "अहो, हा फोन वाजतो तरी का? त्या दुसऱ्यावरून लावून बघा की."

"लावतो! ऐकच तू!" मी टचस्क्रीनवरून माझाच नंबर लावला आणि कानाला धरून विजयी मुद्रेनं ओरडलो, "बघ! रिंग चालली!"

"चालली, पण वाजून कुठं राहिली?"

टेबलावरचा फोन मुडद्यासारखा गप्प. आणि माझ्या कानात एक बाई बोलली, "हॅलो?"

माझं टाळकंच फिरलं. "कोण तुम्ही? माझा फोन कसा उचलला? चोऱ्या करता? सायबरला देईन, आतच टाकीन!" काय काय बोललो, ते इथं सांगण्यासारखं नाही. सुनंदा तोंडाला पदर लावून उभी. प्रज्ञा शाळेला निघाली होती, ती दारातच थांबली.

माझा दम संपल्यावर बाई म्हणाल्या, "सोनकांबळे साहेब ना?"

मी गार. "तुम्हाला कसं माहीत?"

"समदे सांगतात, साहेब पयले ओरडतात, मग ऐकतात. ओरडून झालं असंल तर ऐका. एका पोरीचं काम हाय."

त्या शेजारच्या जिल्ह्यातल्या मुरुडच्या शमीमआपा. बांगड्यांचं दुकान चालवतात. दुकानासाठी नवं सिम घेतलं, तर कंपनीनं माझा मेलेला नंबर जिवंत करून त्यांना दिलेला. तेव्हापासून माझे सगळे फोन त्यांना. आणि त्या दर माणसाला विचारायच्या, साहेबांचा नवा नंबर हाय का? कुणाकडं असणार! मी तो दडवून ठेवलेला.

"कंधारचे वाघमारे भाऊ लई चिडलते," आपा म्हणाल्या. "म्हणले, पोरगी द्यायची न्हाई तर सरळ सांगा. बाईमाणसाकडून राँग नंबर कामून सांगता?"

"मग?"

"मग मी बी चिडले! म्हणलं, भाऊ, मी बांगड्या विकते, तुमच्या पाहुण्याचं तोंड बी पाह्यलं न्हाई. पण त्यांच्यासाठी रोज फोन येऊन राहिलेत. कोणी म्हणतं, साहेबांनी वेळेवर पाणी सोडलं म्हणून पीक वाचलं. कोणी म्हणतं, साहेबांनी आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. इतके लोक ज्याची आठवण काढतात, तो पोरीच्या कामात खोटा नंबर देणार न्हाई. येडा असंल, पण खोटा न्हाई!"

येडा असंल, पण खोटा न्हाई. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं इतकं नेमकं मूल्यमापन कुणी केलं नव्हतं.

"तेवढ्यावर थांबले बघा ते. पण उद्या दुसरी पोरगी बघायला चाललेत. आज सकाळीच फोन आलता. मी म्हणलं, अजून एक दिवस दम धरा, काहीतरी करते. तुमच्या मुकादम भाऊला लावला, म्हणलं जरा मुखेडला जाऊन या. तर ते म्हणले, साहेबांनी मलाच झापलं, मी आता जात न्हाई!"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ज्या बाईला मी आता आत टाकायला निघालो होतो, ती कुण्या अनोळखी पोरीसाठी मुरुडात बसून जिवाचं रान करत होती. मला रडूच कोसळलं.

"रडू नका भाऊ. हा फोन कुणाचा हाय मला काय ठाऊक, तुमचा सोताचा नवा नंबर सांगा लवकर. वाघमारे भाऊला देते, ते आत्ता लावतील."

मी डोळे पुसले, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात नंबर सांगितला.

पलीकडून आपा म्हणाल्या, "भाऊ, हा तर माझा हाय."

प्रज्ञानं माझ्या हातातून फोन हिसकावला आणि खरा नंबर सांगितला. आणि चहा उकळायच्या आत वाघमाऱ्यांचा फोन! होकार! माझा जीव भांड्यात पडला. प्रज्ञा त्या दिवशी शाळेत उशिरा गेली, आणि हसत गेली.

कंधारला साखरपुडा झाला. त्रिशरण-पंचशील झालं आणि शमीमआपा पुढं आल्या. मुरुडहून एसटीनं बांगड्यांचा डबा मांडीवर घेऊन आलेल्या. प्रज्ञाचा हात हातात घेऊन त्यांनी स्वतः बांगड्या भरल्या. एकही फुटू दिली नाही. काय बाई आहे हो! वाघमाऱ्यांच्या घरातली बायामाणसं सगळी त्यांच्याभोवती. मी कडेला उभा. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं मला विचारलं, "तुमी कोण?"

"मुलीचा बाप."

"हां हां! ते शमीमआपाला नंबर देणारे!"

जेवणं झाल्यावर आपा म्हणाल्या, "भाऊ, नंबर तुमचाच हाय. वापस पाहिजे तर बघा."

मी हात जोडले. "आपा, तुमच्याकडंच शोभतो तो."

मुकादमही आला होता. मी त्याची सगळ्यांदेखत माफी मागितली. तो लाजून म्हणाला, "जाऊ द्या साहेब, चांगलंच झालं. पयले त्या नंबरला लावायचं म्हणलं की दहादा विचार करायचो. आता कसं, बोलायला बरं वाटतं."

घरी परतताना बसमध्ये माझा टचस्क्रीन वाजला. कंपनीचा मेसेज: आपला प्लॅन संपत आहे, त्वरित रिचार्ज करा. मी शहाणा झालो होतो ना आता! घाईघाईनं खिशातून चष्मा काढला आणि सुनंदाला म्हणालो, "लगेच मारतो रिचार्ज. पुन्हा ती चूक नाही!"

सुनंदानं माझ्या हातावर हात ठेवला.

"थांबा हो. घाई कामून करता? हा बी बंद पडू द्या. बघू तर, या खेपेला किती चांगलं माणूस मिळतं ते!"