सिगारेटला नोटीस पिरियड नसतो

सिगारेट ओढत होतो तोवर आमच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. ओढली, विझवली, कामाला लागलो. सोडली आणि मग किस्सेच किस्से! तेही एका झटक्यात सोडली म्हणून. हळूहळू सोडली असती तर एवढे जमलेच नसते.

आम्ही चौघं मानपाड्याला पॅकेजिंगच्या कारखान्यात. शहाडचा सावंत, मानपाड्याचाच स्थानिक म्हात्रे, आमचे सुपरवायझर जोगळेकर सर आणि मी. सावंतच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्याच्यासोबत मी डॉक्टरकडे गेलेलो. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू कमी करा."

बाहेर येऊन सावंतने अख्खं पाकीट गटारात फेकलं. "नोटीस पिरियड देऊन सोडायला ही काय नोकरी आहे?"

त्याला एकट्याला कसं सोडायचं? त्याच दुपारी आम्हा तिघांचीही बंद!

*

जोगळेकर सर म्हणजे मशीनलासुद्धा अहो-जाहो करणारा माणूस. दुसऱ्याच दिवशी गेटवर वॉचमन म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर."

सर गरजले, "कशावरून?"

वॉचमन बिचारा आकाशाकडे बघायला लागला!

*

म्हात्रेला खोकला लागला. ओढत होता तेव्हासुद्धा एवढा नव्हता! आई वैतागली, "पीत व्हतास तवा बरा व्हतास रं!"

म्हात्रेच्या बापजाद्यांच्या शेतावर आता चाळी उभ्या आहेत. तो म्हणाला, "आये, जुना भाडेकरू बाहेर काढतोय. गुपचूप जाईल काय त्यो?"

*

माझी जीभ परत आली. जेवताना बायकोला म्हटलं, "आज आमटीत मीठ जास्त झालंय गं."

"लग्नापासून तेवढंच घालतेय."

मी आमटी भातावर ओतली. ती काही थांबली नाही. "मग इतकी वर्षं 'वा वा' कुणाला करत होतास?"

*

चहाच्या सुट्टीत आम्ही तिघं टपरी टाळून लांबून जायचो. सावंत मुद्दाम टपरीसमोरच उभा राहायचा, बडीशेप चघळत. जागचा हलायचा नाही. "लपायला आपण काय चोरी केलीय?"

टपरीवाल्याला दया आली. "साहब, एक मार लो. कुछ नहीं होता."

"कुछ नहीं होता, तो क्यूं मारूं?"

*

सावंत गेला. हार्ट आधीच थकलेलं, त्याने बरेच महिने खेचलं. घरी लोक कुजबुजत होते, "ओढत होता तोवर ठणठणीत होता. सोडली आणि गेला."

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, खाली एकही येईना. मुलाने हात जोडून सांगितलं, "आईला मी सांभाळतो." जोगळेकर सरांनी सांगितलं, "मुलाच्या नोकरीचं मी बघतो." ऊन चढलं. कावळे ढिम्म.

शेवटी सावंतचा मेव्हणा पुढे झाला. "भावजींचा जीव कशात अडकलाय ते मला माहितीय." त्याने सिगारेट पेटवली आणि पिंडाशेजारी ठेवली. धूर आमच्या नाकात गेला. आम्ही तिघंही खाली मान घालून उभे.

सावंतवहिनी उठल्या. गर्दीतून सरळ चालत आल्या, सिगारेट उचलली आणि ओल्या वाळूत चिरडली.

"सोडलीय त्यांनी!" सख्ख्या भावाच्या डोळ्यात बघून म्हणाल्या.

त्या मागे वळल्या आणि कावळा खाली उतरला.