कानाने लावलेली गाडी

माझं गॅरेज कोलशेतला. कार्बोरेटरवाल्या मोटरसायकली आता फारशा राहिल्या नाहीत, पण ज्यांच्याकडे आहेत ते डोंबिवलीहूनसुद्धा माझ्याकडे यायचे, कारण मी गाडी कानाने लावतो. मीटर नाही, काही नाही. डोळे मिटायचे, हवा-पेट्रोलच्या मिक्स्चरचा स्क्रू हळूहळू फिरवायचा आणि आवाज एकसारखा झाला की थांबायचं.

गेल्या वर्षी डाव्या कानात सतत गुरगुर सुरू झाली. उजवा तर आधीच कामातून गेलेला. उघड्या सायलेन्सरपाशी कान लावून जन्म काढला, दुसरं काय होणार! डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. ते लावलं की माणसांचं बोलणं कळतं, इंजिन मात्र डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतं. म्हणून ट्यूनिंगला बसताना मी ते काढून खिशात टाकतो. बायको म्हणाली, "अहो, सोडा आता हे." मी तिच्यावर खेकसलो. सोडून करू काय? दुसरं येतं काय मला?

त्या सकाळी कल्याणचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. एअर फिल्टर बदलून उघडा बसवलेला, सायलेन्सरही मोकळा. म्हणजे हवा भरमसाट आणि पेट्रोल तेवढंच.

"काका, रेस सोडली की फटाके फुटतात. तिकडे दोघांना दाखवली, नाही जमलं. तुम्हीच बघा ना."

आधी वाट्टेल ते बसवायचं आणि मग निस्तरायला काका! तरी खरं सांगतो, बरं वाटलं. अजून कुणीतरी एवढ्या लांबून माझ्याकडे येतंय.

मशीन खिशात टाकलं. पेट्रोल वाढवायला कार्बोरेटर खोलून मोठा जेट घातला, सुई एक खाच वर घेतली. गाडी चांगली तापू दिली, डोळे मिटले आणि स्क्रूला हात घातला. थोडा आत, थोडा बाहेर. आवाज बसत गेला. कुठे अडखळणं नाही, फुटणं नाही. इतकी छान लागलेली गाडी मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. ऐक म्हणून मी त्याला हाताने खूण केली.

खांद्यावर त्याचा हात पडला. डोळे उघडले तर तो वाकून, माझ्या कानाशी ओरडून सांगत होता, "काका, गाडी बंद पडलीये. मघाशीच."

मी टाकीवर हात ठेवला. थरथर नव्हती. स्क्रूड्रायव्हरलाही ती लागत नव्हती, बराच वेळ लागत नव्हती, आणि हाताला ते कळलेलं होतं. पण कान म्हणत होता चालू आहे, आणि जन्मभर मी कानाशिवाय कुणाचं ऐकलं नाही. बंद गाडीकडे बघत मी तसाच बसून राहिलो. माझ्या कानात ती अजून चालूच होती, एकदम झकास, जशी मला लावायची होती तशी.